नाण्याखालची चिठ्ठी फेकू नका

या वेळी सहा पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली, कारण त्यातला प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि बहुतेक वेळा नाणी घासून झाल्यावर विचारला जातो. या वाचकाने आधी विचारलं, म्हणून मी त्यांची मनापासून आभारी आहे.

प्रश्न : ताई, आजोबा गेल्यावर त्यांच्या कपाटात पत्र्याचा एक डबा सापडला. आत शंभर-सव्वाशे नाणी आहेत, बरेच देश दिसतात. काही नाणी कागदाच्या पुड्यांत आहेत आणि पुड्यांवर आजोबांच्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं आहे. चांदीची नाणी काळी पडलीत, तांब्याची हिरवट झालीत. सगळी स्वच्छ करून, देशांप्रमाणे लावून अल्बममध्ये ठेवायचा विचार आहे. कशाने धुवावीत?

उत्तर : आत्ता कशानेच नको. आधी डबा आहे तसा टेबलावर ठेवा आणि वरून फोटो काढा. मग एक थर उचला, पुन्हा फोटो. प्रत्येक पुडीला क्रमांक द्या, पुडीतली नाणी त्याच पुडीच्या शेजारी मांडा, आणि पुडीवर आजोबांनी लिहिलेलं अक्षरन् अक्षर वहीत उतरवून घ्या. शब्द लागत नसेल तर जसा दिसतो तसा काढा. तुम्ही ज्याला ‘काहीबाही’ म्हणता ते कुणाकडून मिळालं, कधी मिळालं, कशाच्या बदल्यात दिलं, असं असण्याची दाट शक्यता आहे. नाण्यावर राजाचं नाव असतं, टाकसाळीची खूण असते, साल असतं. ते नाणं तुमच्या घरात कसं आलं हे मात्र फक्त त्या कागदावर असतं. पुडी कचऱ्यात गेली की ते कायमचं गेलं.

देशांप्रमाणे लावायची घाई नको, याचं कारण एका गोष्टीने सांगते. 1992 सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात हॉक्सन गावाजवळ एरिक लॉज नावाचा माणूस धातुशोधक यंत्र घेऊन शेतात मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होता. हातोड्याऐवजी रोमन सोनं-चांदी हाती लागायला लागली. थोडं वर काढल्यावर तो थांबला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळवलं. उरलेलं सगळं पुरातत्त्वज्ञांनी जागच्या जागी नोंदत बाहेर काढलं. जवळजवळ 15 हजार नाणी निघाली. लाकूड कुजून गेलं होतं, तरी वस्तू कुठे कशा पडल्या होत्या त्यावरून मोठ्या पेटीत लहान पेट्या कशा बसवल्या होत्या हे समजलं. सगळा साठा एकत्र राहिला म्हणून त्यातली सगळ्यात अलीकडची नाणी इसवी सन 407-408 ची आहेत हे कळलं, आणि पेटी त्याआधी पुरलेली असणं शक्य नाही हेही ठरलं. तीच नाणी एकेक करून पन्नास जणांकडे गेली असती तर यातलं काही कळलं नसतं. तो हातोडाही पुढे सापडला आणि तोसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मला हे फार आवडतं. ज्या वस्तूपायी शोध लागला तीही त्यांनी जपली.

तुमच्या डब्याचंही तेच आहे. त्यातलं सगळ्यात अलीकडचं नाणं कोणत्या सालचं, ते बघा. आजोबांनी संग्रह केव्हा थांबवला हे बहुधा तेच सांगेल. एका पुडीत एकाच दशकातली चार शेजारच्या देशांची नाणी असतील, तर ती कुणीतरी एका प्रवासातून आणलेली असू शकतात. देशवार लावलंत की ती चार पानांवर विखुरतील.

आता धुण्याबद्दल. मी चौदा वर्षांची असताना वडिलांच्या संग्रहातलं एक थालर दंतमंजन लावून घासलं होतं. थालर म्हणजे मोठं चांदीचं ऑस्ट्रियन नाणं. त्यांच्या वाढदिवशी ते चकचकीत करून द्यावं असं मनात होतं. त्यांनी ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, मग कपाटातून न घासलेलं दुसरं थालर काढलं, दोन्ही दिव्याखाली धरली आणि माझ्या हातात भिंग दिलं. न घासलेलं नाणं हळूहळू फिरवलं की प्रकाशाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी त्यावरून फिरत होती. माझ्या नाण्यावर प्रकाश नुसता सगळीकडे सांडत होता, आणि भिंगातून बघितलं तर शेकडो बारीक चरे. वडील एवढंच म्हणाले, “हे आता परत येत नाही.”

ते का परत येत नाही, हे मला पुढे रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर नीट उमगलं. ठसा चकतीवर प्रचंड दाबाने आदळतो तेव्हा धातू मधून काठाकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक, एकामागोमाग एक रेषा उमटतात. प्रकाशाची ती फिरती पट्टी या रेषांमुळे दिसते. घासण्याने पहिल्या त्या जातात. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन तो बनतो. म्हणजे हा काळेपणा बाहेरून बसलेला मळ नाही, त्यात नाण्याचीच चांदी गुंतलेली आहे. काळेपणा उतरवणाऱ्या द्रावणात नाणं बुडवलं की ती चांदीही जाते. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, राख, भांड्यांची पावडर, यातलं काहीही नको.

तांब्याच्या नाण्यांवर हिरवं दिसतं ते दोन प्रकारचं असतं, आणि हा फरक ओळखणं फार गरजेचं आहे. गर्द हिरवा किंवा तपकिरी, गुळगुळीत, नखाने न निघणारा थर असेल तर तो बहुतेक वेळा नाण्याचं रक्षणच करतो. त्याला हात लावू नका. पण फिकट हिरवी पूड असेल, टाचणीच्या टोकाने भुकटी निघत असेल आणि पुसल्यावर काही दिवसांनी पुन्हा येत असेल, तर तो रोग आहे. त्याला ब्राँझचा रोग असंच म्हणतात. धातूच्या आत अडकलेले क्लोराइडचे क्षार दमट हवेत तांबं खात राहतात. अशी नाणी लगेच वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुडीबरोबर ठेवा आणि संग्रहालयात धातुसंवर्धनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. घरी उपचार करू नका.

नाण्यांवर नुसती धूळ-माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात काही तास ठेवा, बाहेर काढून मऊ कापडावर टेकवून टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. ज्या नाण्यांवर पूड आहे ती मात्र पाण्यातही घालू नका.

प्रश्न : माझी तांब्याची आणि निकेलची नाणी मी दहा वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये लावली. आता त्यांच्यावर हिरवट, चिकट थर आलाय आणि खिसेही तेलकट लागतात. हवेचा दोष का?

उत्तर : हवेचा नाही, अल्बमचा. हे मी स्वतः भोगलंय. एका दुकानातून ‘नाण्यांसाठी खास’ म्हणून घेतलेल्या अल्बमने माझी साठ तांब्याची नाणी खराब केली, आणि त्यातली अकरा अशी खाल्ली गेली की त्यांच्यावरची अक्षरं आता वाचता येत नाहीत.

मऊ, लवचिक खिसे बऱ्याचदा पीव्हीसीचे असतात. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट रसायन हळूहळू बाहेर झिरपतं, आणि पीव्हीसी विघटित होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. तांब्यावर त्याचा हिरवा लगदा होतो. आजच नाणी बाहेर काढा. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घ्या. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. नाणं काही मिनिटं बुडवा, बाहेर काढून ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवा आणि हवेत वाळू द्या. ॲसिटोन झटकन पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. रंग भरलेली किंवा मिनाकाम असलेली नाणी-पदकं यात घालायची नाहीत.

नवीन अल्बम पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनचा घ्या. कशाचा आहे हे लिहिलेलं नसेल तर एक जुनी चाचणी आहे, मी विद्यार्थ्यांना करून दाखवायची. तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, खिशाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे. धूर विषारी असतो, त्यामुळे हे उघड्यावर करायचं आणि तुकडा तांदळाएवढाच घ्यायचा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी नुसता वास घ्यावा. नव्या प्लास्टिकच्या पडद्यासारखा उग्र वास आला तर तो अल्बम घेऊ नका.

प्रश्न : मारिया थेरेसाचं 1780 सालचं चांदीचं नाणं मला मिळालं आहे. एक मित्र म्हणतो अस्सल, दुसरा म्हणतो इतकं कोरं दिसतं म्हणजे खोटं. कोणाचं खरं?

उत्तर : दोघांच्या म्हणण्यातून एक तिसरी गोष्ट सुटली आहे. नाणं अस्सल असू शकतं आणि तरीही 1780 मध्ये घडवलेलं नसू शकतं. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा 1780 च्या नोव्हेंबरात वारली. पण तिच्या मुखवट्याचं थालर अरबस्तान आणि इथिओपियाच्या बाजारांत इतकं मुरलं होतं की व्यापारी दुसरं नाणं घेईनात. तिच्या खांद्यावरच्या पिनेतले मोती बोटाने चाचपून ते नाणं पारखत. म्हणून तेच साल, तोच मुखवटा ठेवून नाणी निघत राहिली. 1935 मध्ये इटलीने ऑस्ट्रियाकडून ठसे मिळवल्यावर लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स आणि मुंबईच्या टाकसाळींतही ती पडायला लागली. व्हिएन्नाची टाकसाळ ती अजून पाडते. तेव्हा तुमचं कोरं नाणं विसाव्या शतकातलं असणं अगदी शक्य आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त चिठ्ठीवर ‘1780’ एवढंच न लिहिता ‘1780 सालाचं, नंतर पाडलेलं’ असं लिहा.

आता धातू. तो घरी तपासता येतो. या थालरचं वजन 28.07 ग्रॅम असायला हवं आणि हजारात 833 भाग चांदी. शतांश ग्रॅम दाखवणारा लहान काटा घ्या. त्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. ते तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटले असतील तर हलवून घालवा. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलेलं असतं. थालरला तो 2.75 ग्रॅमच्या आसपास येतो. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते, म्हणजे इथे 10.2. चांदीचा मुलामा दिलेलं तेवढ्याच वजनाचं पितळ 3.3 च्या जवळ जाईल. मी हे सांगण्याआधी पुन्हा करून पाहिलं. नाणं घेतलं ते चौदाव्या वर्षी घासलेलंच. आकडा 2.76 आला.

त्यानंतर काठ बघा. अस्सल थालरच्या काठावर ‘युस्तिटिया एत क्लेमेन्तिया’, म्हणजे न्याय आणि दया, अशी उठावाची अक्षरं असतात. काठावर सभोवार सांध्याची रेघ असेल, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या असतील, सपाट जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील, तर ते साच्यात ओतलेलं आहे. एकट्या चुंबकावर विसंबू नका. पितळही चुंबकाला चिकटत नाही.

एवढं सगळं जुळलं तरी निकाल लागला असं समजू नका. कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा जर्मन माणूस (1772-1830) ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे स्वतः कोरायचा आणि चांगल्या सोन्या-चांदीवर, कधी तर खऱ्या जुन्या नाण्यांवरच, ते ठोकायचा. नवेपणा जावा म्हणून नाणी लोखंडाच्या किसात घालून पेटी घोडागाडीला बांधून फिरवायचा, अशी त्याची ख्याती. अशा नाण्यांची लबाडी धातूत सापडत नाही. ती पकडता येते ठसे ताडून पाहणाऱ्यांना. त्यामुळे घनता चुकली तर नाणं खोटं म्हणा, पण घनता जुळली म्हणून लगेच खरं म्हणू नका.

प्रश्न : जर्मनीच्या 1923 च्या आणि हंगेरीच्या 1946 च्या काही नोटा माझ्याकडे आहेत. घड्या पडल्यात, एक फाटली आहे. इस्त्री करून लॅमिनेट करावं का? आणि हंगेरीच्या नोटेवर आकडाच का नाही?

उत्तर : दोन्ही करू नका. इस्त्रीने घडी दिसेनाशी होते, पण छपाईचा उठाव दबतो आणि कागदाचा कडकपणा जातो. लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टीही नको, तिचा गोंद काही वर्षांत कागदात उतरून पिवळा डाग पडतो. नोट फाटकीच राहू दे. पॉलिएस्टरच्या पाकिटात सपाट ठेवा, उजेडापासून दूर.

पेंगो हे हंगेरीचं तेव्हाचं चलन. तुमची नोट दहा कोटी ‘बी-पेंगो’ची असेल, तर तिची किंमत मुद्दाम शब्दांत छापलेली आहे. एक बी-पेंगो म्हणजे एकावर बारा शून्यं इतके पेंगो. त्यामुळे आकड्यात लिहायचं तर एकावर वीस शून्यं लागली असती. 1946 च्या 1 ऑगस्टला फोरिंट हे नवं चलन आलं आणि पेंगोचा कारभार संपला.

प्रश्न : आमच्या घरी पणजोबांची आणि आजोबांची लष्करी पदकं आहेत. पणजोबांच्या दोन पदकांच्या काठावर नाव आणि क्रमांक कोरलेला आहे, आजोबांच्या मित्राकडून आलेल्या ब्रिटिश पदकांवर मात्र काहीच नाही. ती नकली आहेत का? विरलेल्या फिती बदलू का?

उत्तर : नाव नाही म्हणून पदक नकली ठरत नाही. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या काठावर सैनिकाचं नाव आणि पलटण उमटवलेली असते. दुसऱ्या महायुद्धाची मोहीम-पदकं ब्रिटनने आपल्या सैनिकांना बिनानावाची दिली. तीच पदकं भारतीय, ऑस्ट्रेलियन आणि दक्षिण आफ्रिकी सैनिकांना नाव घालून मिळाली.

संशय घ्यायचा तो नाव असलेल्या पदकावरही घ्यावा लागतो. प्रसिद्ध पलटणीचं नाव घालण्यासाठी मूळ नाव कानसून काढलेलं असतं. व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि पदकाचा व्यास आडवा, उभा, तिरका असा चार ठिकाणी मोजा. नाव असलेल्या जागी तो कमी भरला तर काठ कानसलेला आहे.

फिती बदलू नका. नवी फीत हवीच असेल तर जुनी नाव लिहून त्याच डबीत ठेवा. आणि एका माणसाची पदकं कधीही वेगळी करू नका, घरात वाटणी झाली तरी. तीन पदकं मिळून एका माणसाचं आयुष्य सांगतात. शक्य असेल तर त्यांच्याशेजारी त्यांचं एखादं पत्र किंवा निवृत्तीचा कागद ठेवा.

ओतीव काम वाईट, असं वर वाचून कुणी जुनं ओतलेलं पदक टाकून देऊ नये म्हणून एक जोडते. स्मरणपदकांची परंपरा ज्याच्यापासून मोजतात त्या चित्रकार पिसानेल्लोने 1438-39 च्या सुमारास बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचं पदक केलं, ते ओतूनच. पदक हे चलन नसतं, लाखांनी पाडायचं नसतं. कलावंत मेणात घडवून ते निवांत ओतू शकतो.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्याकडे वेगवेगळ्या देशांची चाळीस नाणी आहेत, बहुतेक सारखीच वाटतात. पुढे काय जमवू? महागडं नको.

उत्तर : देश जमवू नकोस, एक प्रश्न जमव. मी तुला माझा आवडता देते : युद्ध सुरू झालं की खिशातल्या नाण्यांना काय होतं?

1943 मध्ये अमेरिकेला तांबं लढाईसाठी हवं होतं, म्हणून त्यांनी एक सेंटचं नाणं जस्ताचा लेप दिलेल्या पोलादाचं काढलं. ते चुंबकाला चिकटतं, करून बघ. त्याच काळात त्यांच्या पाच सेंटच्या नाण्यातून निकेल काढून चांदी आणि मँगनीज घातलं, आणि ते ओळखू यावं म्हणून मागच्या बाजूला, इमारतीच्या वर, टाकसाळीचं मोठं अक्षर घातलं. जर्मनीने व्यापलेल्या नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्कमध्ये जस्ताची करडी नाणी निघाली. आणि पहिल्या महायुद्धानंतर, 1920-21 मध्ये, जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्याने चक्क तपकिरी चिनी मातीची नाणी भाजून काढली.

सुरुवात मात्र कॅनडापासून कर. 1943 चं पाच सेंटचं नाणं शोध. निकेल युद्धासाठी राखलं होतं म्हणून ते तांबं-जस्ताच्या पिवळसर मिश्रधातूचं आहे, आणि एक सेंटशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला बारा बाजू दिल्यात. काट्याच्या बाजूला मोठं ‘व्ही’ अक्षर दिसेल. आता भिंग घे आणि काठालगत बघ. नेहमीच्या दातेऱ्यांच्या जागी ठिपके आणि रेघा आहेत. तो मोर्स संकेत आहे, म्हणजे ठिपके आणि रेघांनी अक्षरं लिहायची तारायंत्राची पद्धत : सहा इंग्रजी शब्द, सगळे ‘डब्ल्यू’ने सुरू होणारे, अर्थ साधारण असा की मनापासून काम केलं की आपण जिंकतो. मोर्सचा तक्ता जवळ ठेव आणि एकेक अक्षर स्वतः लाव. मला पहिल्यांदा पूर्ण संध्याकाळ लागली होती, कारण संदेश कुठून सुरू होतो तेच सापडत नव्हतं.

नाणं मिळालं की पाकिटात घालण्याआधी चिठ्ठी लिही : कधी मिळालं, कुणाकडून, वजन किती, चुंबकाला चिकटलं का, आणि संदेश तुला कुठून सुरू झालेला दिसला. तुझ्या आधीच्या चाळीस नाण्यांपैकी जेवढ्यांचं आठवतंय तेवढ्यांच्याही चिठ्ठ्या आजच कर. पुढच्या वर्षी आठवणार नाही. त्या चाळिसातलं कोणतं नाणं कुणी दिलं, हे मला वाचायला आवडेल.